हातमोज्यातली भाकरी

कीपरना रस्ता विचारू नये, हे मला सांगलीत आल्यावर तिसऱ्या दिवशी कळलं.

मैदान कुठे आहे, एवढंच विचारायचं होतं. अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की मी आधी मनात वाक्य तयार करते, ते दोनदा तपासते, आणि तोवर माणूस निघून गेलेला असतो. हे गृहस्थ मात्र कुठे जाणारे दिसत नव्हते. विश्रामबागच्या चौकात चहाच्या टपरीसमोर ते चक्क उकिडवे बसले होते, शेजारी बाकडं रिकामं असताना. वय साठीच्या पुढे, डोक्यावर विटलेली निळी टोपी. त्यांनी उजव्या हाताचं बोट रोखून सांगितलं, "अशी सरळ जा." बोट गेलं तिकडे मी गेले. वीस मिनिटांनी मिरजेच्या पाट्या दिसायला लागल्या.

परत आले तर ते तिथेच होते, तसेच.

"मी सरळ सांगितलं हुतं," ते म्हणाले.

त्यांचा हात सरळच होता. बोट तेवढं मधल्या पेरापासून उजवीकडे वळलं होतं.

"तुमचं बोट..." मी म्हणाले आणि थांबले.

"ते व्हय? कऱ्हाडची मॅच." जुन्या ओळखीच्या माणसाकडे पाहावं तसं त्यांनी बोटाकडे पाहिलं. मग करंगळी पुढे केली. "ही फलटण. हे मधलं कोरेगाव. आंगठा घरचाच, पलूस." दहा बोटांपैकी सात अशी गावोगाव मोडलेली होती. त्यांच्या हातात सगळा सातारा-सांगली भाग होता, फक्त त्यावरून कुठे पोचता येत नसे.

मी तेव्हा एम.कॉम.साठी साताऱ्याहून सांगलीला मावशीकडे राहायला आले होते. साताऱ्यात स्कोअररची परीक्षा दिली होती, म्हणून दर रविवारी क्लबच्या सामन्यांची वही लिहायचे. स्कोअरर व्हायचं एकच कारण होतं. पंचाने खूण केली की आपण हात वर करायचा, आणि वहीत लिहायचं. दिवसभर बोलावं लागत नाही.

कीपरना सगळे कीपरच म्हणत. ते दिवसभर बोलत. त्या मैदानावर बारा वर्षं ते नेटच्या मागे बसून मुलामुलींना कीपिंग शिकवत होते. त्यांना कुणी नेमलं नव्हतं, पण जा म्हणूनही कुणी सांगितलं नव्हतं. शिकवणं म्हणजे मागून अखंड बडबड. "बॉलकडं नंतर बघ गं, आदी बोलरच्या मनगटाकडं बघ. खाली बस. आजून खाली. गुडघं काय भाड्यानं आणल्यात?" पुन्हा पुन्हा सांगायचं एक वाक्य होतं: "कीपरला दिवसभर कुणी बघत न्हाई. चुकला की समदी बघत्यात." हे ते अशा आवाजात सांगत की त्यांना दिवसभर कुणी पाहिलं नाही असं कधी झालं असेल, यावर विश्वास बसू नये.

मागून बोलायची सवय मैदानापुरती नव्हती. क्लबच्या एका बोलरच्या लग्नात ते नवरदेवाच्या बरोबर मागे जाऊन उभे राहिले. मंगलाष्टकं चालू असताना हलक्या आवाजात त्यांचं सुरू झालं, "घाई नको. शेवटची ओव्हर हाय. पाय हलवू नगंस." नवरदेवाने पाय खरंच हलवले नाहीत. अंतरपाट बाजूला झाल्यावर मुलीनेच पुढे होऊन हार घातला, तेव्हा कुठे तो जागा झाला.

त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. काकू कमी बोलत आणि बोलल्या की पुरे होई. "घरात कपबशी फुटली," त्या मला एकदा म्हणाल्या, "तर हे आदी हात वर करून अपील करत्यात. केरसुणी मग मीच शोधते. लगीन झाल्यापास्नं ह्यांनी घरात काय झेललं आसंल तर माझा शब्द. त्यो बी निम्म्या वेळा सुटतोय."

कीपरचं एक कार्ड होतं. त्यावर नावाखाली छापलेलं: 'विकेटकीपर-बॅट्समन (राज्य)'. पहिल्या शब्दाबद्दल मी काही म्हणत नाही. दुसऱ्या शब्दाची साक्षीदार मी आहे. ज्येष्ठांच्या एका सामन्यात ते अकराव्या क्रमांकावर आले. मैदानात येताना सूर्याकडे पाहिलं, खेळपट्टीवर बॅटने ठोकलं, एक अदृश्य खडा उचलून बाजूला फेकला. समोरच्या टोकाच्या खेळाडूने चेंडू मारला आणि कीपर धाव घ्यायला निघाले. परत फिरेपर्यंत स्टंप उडाले होते. एकही चेंडू न खेळता बाद. ते पॅव्हेलियनकडे न जाता थेट माझ्या टेबलाकडे आले.

"मी खेळलोच न्हाई," ते म्हणाले. "मग आऊट कसा? नॉटआऊट लिही."

मी लिहिलेलं खोडलं नाही. ते थोडा वेळ माझ्या पेन्सिलीकडे पाहत राहिले. मग जाता जाता कुणाला तरी म्हणाले, "लय कडक हाय रं ही पोरगी."

यानंतर ते माझा राग धरतील असं मला वाटलं होतं. पण दोन महिन्यांनी ते एक फॉर्म घेऊन आले. जिल्ह्याच्या मुलींच्या संघाला कीपिंगचा कोच नेमायचा होता. नेमलेल्या माणसाला ट्रॅकसूट मिळणार होता, पाठीवर नाव छापलेला. फॉर्म इंग्रजीत होता, आणि प्रथम श्रेणीच्या सामन्यांचा अनुभव असल्यास प्राधान्य, असं त्यावर लिहिलेलं होतं.

"तुझं इंग्लिश मिडियम," कीपर म्हणाले. "माझं करिअर जरा वजनदार लिहून दे."

मी नाही म्हणायचं वाक्य तयार करत होते, तेवढ्यात ते गेलेसुद्धा. काकू डबा घेऊन आल्या होत्या, त्या माझ्याशेजारी बसल्या. "लिही बाई," त्या म्हणाल्या. "नवा माणूस आला आन् ह्यांना नेटमागं बसू न्हाई दिलं, तर हे घरात बसतील. दिवसभर. माझ्यामागं." त्या हसल्या नाहीत.

मग चार रविवार, सामना संपला की करिअर. ते सांगत, मी लिहून घेत असे.

सुरुवात भाकरीपासून होई. घर जैन शेतकऱ्याचं, पलूसकडे द्राक्षाची बाग. चामड्याचे हातमोजे आईने कधी घरात येऊ दिले नाहीत, म्हणून ते बागेतल्या पंपाच्या खोलीत खिळ्याला टांगलेले असत. मोजे जुने, आतलं अस्तर गेलेलं. मोठ्या शहरांतले कीपर आत मांसाचा तुकडा घालतात असं कुणीतरी सांगितलेलं. ते शक्यच नव्हतं. कीपरनी त्यावर उपाय काढला तो शिळ्या जोंधळ्याच्या भाकरीचा. एका मोज्यात एक, तळहातावर बेताने बसवलेली. "कापसापरीस भारी. कापूस दबतोय. भाकरी दबत न्हाई, तिचं तुकडं हुत्यात." आईकडून रोज चार भाकऱ्या मागायच्या, दोन पोटाला, दोन हाताला. आईला वाटे पोरगं लय खातंय. सामना संपला की मोजे झटकून तो चुरा पाखरांना घालायचा, अन्न वाया जाऊ नये म्हणून. हे मी इंग्रजीत लिहून पाहिलं. वाचताना मलाच ते खोटं वाटलं.

मग येई तो झेल. त्या मैदानावर असं कुणी नव्हतं ज्याने तो झेल ऐकला नव्हता. माझा जन्म व्हायच्या आधी कधीतरी कीपर राज्याच्या संघात बारावे होते. तीन दिवसांचा सामना. मुख्य कीपरच्या बोटाला चेंडू लागला, आणि त्याच्या जागी आमचे कीपर मैदानात उतरले. समोर भारताकडून खेळलेला फलंदाज. चेंडू बॅटची कड घेऊन आला आणि कीपरनी तो झेलला. पहिल्या रविवारी डावीकडे झेप घेऊन, दुसऱ्या रविवारी उजवीकडे. तिसऱ्या रविवारी जेवणाच्या आधी, चौथ्या रविवारी नंतर. शिवाय त्यांचं जेवण दिवस मावळायच्या आत व्हायचं, त्यामुळे झेल अर्धा हवेत असतानाच काकूंचा डबा उघडे आणि करिअर पुढच्या रविवारावर जाई.

चौथ्या रविवारी मी नियमांचं पुस्तक आणलं. बोलण्यापेक्षा दाखवणं मला सोपं जातं. बदली खेळाडूला स्टंपमागे उभं राहायला आता पंचांच्या परवानगीने चालतं. तेव्हाच्या नियमात चालत नव्हतं. ती ओळ पेन्सिलीने अधोरेखित करून मी पुस्तक त्यांच्यासमोर सरकवलं.

कीपरनी ती वाचली. "समोरच्या कॅप्टननं परवानगी दिलती," ते म्हणाले. "माझी विनंती हाय म्हणला, हाच पोरगा हुबा ऱ्हाऊ द्या."

हे आजवर कुणी ऐकलं नव्हतं. बाजूला पॅड सोडत बसलेल्या मुली तोंड फिरवून हसल्या. कीपरनी ते पाहिलं. त्यांनी फॉर्म घडी करून खिशात ठेवला आणि त्या दिवशी डबा न खाता गेले.

साताऱ्याला मला स्कोअरिंग शिकवणारे एक गुरुजी आहेत. ऐंशीच्या आसपास, शाहूपुरीत राहतात. राज्याच्या कितीतरी सामन्यांची वही त्यांनी लिहिली. मूळ वही जमा करायची असते, पण गुरुजी घरी येऊन प्रत्येक सामन्याची दुसरी प्रत स्वतःसाठी करत. त्या प्रती लोखंडी ट्रंकेत तारखेप्रमाणे लावलेल्या आहेत. मी कीपरना निरोप पाठवला की सुट्टीत घरी जाणार आहे, वही सापडते का बघते. स्टँडवर गेले तर कीपर एसटीत खिडकीजवळ बसलेले. माझ्यासाठी शेजारची जागा रुमाल टाकून धरलेली.

खरं तर मला भीती वाटत होती, ती वही न सापडण्याची नव्हे, सापडण्याची.

गुरुजींनी सामना विचारला, चष्मा बदलला, आणि दहा मिनिटांत वही काढली. फलंदाजाचं नाव मोठं होतं. त्यापुढे तांबड्या शाईत लिहिलेलं: कॉट सब, म्हणजे बदली खेळाडूने झेललेला.

कीपरनी त्यावर बोट ठेवलं. बोट वाकडं, म्हणून ते शेजारच्या फलंदाजावर टेकलं. त्यांनी ते नीट सरकवलं. "हा मी."

"असाल," गुरुजी म्हणाले. "सब कुणीही असू शकतो."

"तेव्हा सबला कीपिंग करू दिलं होतं का?" मी विचारलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

"दिलं होतं. समोरच्या कॅप्टनला विचारलं. त्यांच्या धावा चारशेच्या वर झाल्या होत्या. तो म्हणाला, कुणालाही उभा करा, आम्हाला काय फरक पडतो." गुरुजींचं बोट वहीत खाली सरकलं. "त्यानंतर बाय दिसतात, कीपरकडून सुटलेल्या. सतरा."

"ते वाचलं न्हाई तरी चालंल," कीपर म्हणाले.

गुरुजी पानाच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलेलं काही वाचत होते. "हे मात्र आठवतंय मला. दोन मिनिटं खेळ थांबला. चिमण्या. स्टंपमागे येऊन बसल्या सगळ्या. पंच हाकलायला गेले, तरी पुन्हा तिथेच. त्या कीपरच्या मोज्यातून काहीतरी गळत होतं, भुसा की काय होता."

"भाकरी," कीपर म्हणाले.

"काय?"

"भाकरी हुती. जोंधळ्याची."

गुरुजींनी पहिल्यांदाच मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. "म्हणजे ते तुम्ही होय," ते म्हणाले.

मी कीपरकडे पाहिलं. चार रविवारांत त्यांनी मला चिमण्यांबद्दल एक शब्द सांगितला नव्हता. मैदानभर माणसांसमोर, भारताकडून खेळलेल्या फलंदाजासमोर, आईची भाकरी मोज्यातून गळतेय आणि सगळे हसताहेत, ही गोष्ट तेवढी त्यांनी चाळीस वर्षं गाळली होती. आणि तीच एक जशीच्या तशी खरी होती.

"मग नाव घाला की," कीपर म्हणाले.

"नाव घालत नाहीत. सब म्हणजे सब."

"आवं, ही तर तुमची घरची वही. कोण बघतंय?"

"मी बघतो," गुरुजी म्हणाले.

दोघेही वहीवर वाकलेले होते. हात कुणी काढत नव्हतं. मी पाण्याचे पेले उचलून बाजूला ठेवले.

"तवा तरी का न्हाई घातलं? कडेला चिमण्या घातल्या. मला न्हाई?"

"मी विचारलं होतं तुमचं नाव," गुरुजी सावकाश म्हणाले. "तुमच्या ड्रेसिंगरूममध्ये जाऊन विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं."

कीपरनी वहीवरून हात काढला.

"काय नाव तुमचं?" गुरुजींनी विचारलं.

कीपरनी सांगितलं. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव, आणि गाव. मास्तरांनी हजेरी घेतल्यावर सांगावं तसं, उभं राहून.

"बरं," गुरुजी म्हणाले. त्यांनी वही मिटून तारखेच्या जागी ठेवली आणि ट्रंकेला कुलूप लावलं. निघताना त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तू असतीस तर घातलं असतंस का?" मी नाही म्हणाले. "शाबास," ते म्हणाले. त्या शाबासकीचं मला फारसं काही वाटलं नाही.

सुट्टी संपेपर्यंत घरी राहायचं ठरलं होतं. पण कीपर स्टँडकडे निघाले तशी मी आईला फोन केला आणि त्यांच्याबरोबर सांगलीची एसटी धरली. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. कऱ्हाड येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. मी त्यांना इतका वेळ गप्प कधी पाहिलं नव्हतं. गाडी कऱ्हाड स्टँडात शिरल्यावर त्यांनी खिशातून फॉर्म काढला. घड्यांवर तो फाटायला आला होता.

"लिही. सामनं किती?"

मी पेन उघडलं. बदली म्हणून आलेला खेळाडू सामना खेळला असं धरत नाहीत. हे तोंडाने कसं सांगावं, ते जुळवत होते.

"शून्य लिही की," तेच म्हणाले. "मला नियम म्हाईत हाय."

मी लिहिलं.

"कॅच?"

"त्याही..."

"शून्य. स्टंपिंग तर न्हाईच. रन विचारलंय का?"

"हो."

"ते तू सोता बघितल्यात."

सगळ्या रकान्यांत शून्य भरून झालं. शेवटी 'इतर माहिती' म्हणून रिकामी जागा होती, सहा ओळींची. "आता काढ तुझं इंग्लिश," कीपर म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

मी दोनच वाक्यं लिहिली. राज्याच्या सामन्यात बदली खेळाडू म्हणून यांनी स्टंपमागे एक झेल घेतला. हातमोज्यातल्या भाकरीमुळे चिमण्या आल्या आणि खेळ दोन मिनिटं थांबला. खाली लिहिलं, सामन्याची वही मी पाहिली आहे, आणि माझं नाव, स्कोअरर म्हणून. ते कुणी मागितलं नव्हतं. निवडणाऱ्या समितीसमोर असं काही सही करून पाठवणं, त्यापेक्षा मी चौकात उभं राहून गाणं म्हटलं असतं. निदान गाण्यावर सही नसते.

कीपरनी मराठीत वाचून दाखवायला सांगितलं. ऐकून म्हणाले, "भाकरीला काय घातलंस?"

"भाकरीच."

"ब्रेड न्हाई ना?"

"नाही."

"मग ऱ्हाऊ दे," ते म्हणाले, आणि इस्लामपूर यायच्या आत झोपले.

समितीने त्यांना बोलावलं. तिथे काय झालं ते त्यांनी आल्यावर मैदानातच सांगितलं. "लय हसली गं माणसं. एकानं तर चहा सांडला. चिमण्यांचं दोनदा सांगायला लावलं." नेमणूक दुसऱ्याची झाली. चार सामने खेळलेला, तरुण, स्वतःच्या गाडीने येणारा. पाठीवर नाव छापलेला ट्रॅकसूट त्याला मिळाला. पहिले दोन रविवार कीपर नेटपासून लांब, कुंपणाला टेकून उभे राहिले, आणि मुलींच्या हातून चेंडू सुटत राहिले. नवा कोच चांगला शिकवत असे, फक्त मागून बोलत नसे. तिसऱ्या रविवारी तो स्वतः पॅव्हेलियनमधून एक खुर्ची उचलून घेऊन गेला आणि नेटमागे ठेवली. कीपर आले, खुर्चीकडे पाहिलं, आणि तिच्या शेजारी उकिडवे बसले. काकूंनी खुर्चीवर डबा ठेवला.

"गुडघं वाकव गं," लगेच ऐकू आलं. "का मी येऊन वाकवू?"

आता मी साताऱ्याला परत आले आहे, पण एखाद्या सामन्यासाठी सांगलीला जावं लागतं. कार्ड बदललेलं नाही. 'बॅट्समन' अजून आहे, कंसातलं 'राज्य'ही आहे. गोष्ट मात्र बदलली. चाळीस वर्षं लपवलेल्या चिमण्या आता झेलाच्याही आधी येतात. पहिल्यांदा दहा-बारा होत्या. मग थवा झाला. समोरचा कॅप्टन आता विनंती करत नाही, पाखरं बघून घाबरतो. सतरा बाय कुणाला कळलेल्या नाहीत. त्या मला आणि गुरुजींना माहीत आहेत, आणि आम्ही दोघेही बोलणाऱ्यातले नाही.

गेल्या महिन्यात जेवणाच्या सुट्टीत ते माझ्या टेबलाजवळच बसून नव्या मुलींना गोष्ट सांगत होते. ऐकता ऐकता कळलं की पलीकडच्या कुंपणावरून मोरही आला होता. एका मुलीने मागे वळून मला विचारलं, "ताई, खरंच का ओ?"

कीपर बोलायचे थांबले. माझ्याकडे पाहत राहिले, त्या दिवशी पेन्सिलीकडे पाहिलं होतं तसे.

मोर नव्हता.

"झेल होता," मी म्हणाले. "मी वही बघितलीय."